नाडीला काय आठवतं

(मुंबईतल्या मरोळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभी हयात मुलांना विज्ञान शिकवण्यात घालवली. मीही शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक. म्हणून आज शरीराविषयीच बोलणार आहे, आणि तेही 2020 साली जे सोळा ते पंचवीस वर्षांचे होते त्यांच्या शरीराविषयी. ती मुलं आता सेप्झमध्ये, एमआयडीसीत, विमानतळावर कामाला जातात. काहींची लग्नं झाली आहेत. महामारीचा विषय काढला तर ‘झालं गेलं, सोडा ना सर’ म्हणतात. तरीही सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स गेली की त्यांच्यातल्या कुणाच्या हाताला घाम फुटतो, कुणाच्या पोटात गोळा येतो. मनाने विषय मिटवलेला असतो, शरीराने मिटवलेला नसतो.

असं का होतं ते सांगेन. पण माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासून पाहता येईल. आठवणीने नाडी चढणं हा आजार नव्हे. चढलेली नाडी किती वेळात खाली येते, हे पाहायचं असतं. आणि ती खाली यावी अशी परिस्थिती निर्माण करणं हे त्या मुलाचं एकट्याचं काम नाही.

मरोळला साथी नवीन नाहीत. सेप्झच्या कुंपणाआड सेंट जॉन चर्चचे भग्न अवशेष आहेत. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी बांधलेलं ते चर्च 1840 च्या सुमारास साथ आली तेव्हा सोडून द्यावं लागलं आणि मरोळला हलवलं गेलं. आज त्या अवशेषांभोवती हिऱ्यांचे दागिने आणि सॉफ्टवेअर तयार होतं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी मात्र वर्षातून एकदा तिथे प्रार्थनेला जमतात. पुढे 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्या साथींचे मृत्यूचे आकडे आपल्याकडे आहेत, लसीच्या नोंदी आहेत, गाव सोडल्याच्या कहाण्या आहेत. मागे राहिलेल्या तरुण माणसांच्या काळजाची धडधड मात्र कुणी मोजली नव्हती. मोजायचं साधनच घरात नव्हतं.

2020 मध्ये ते होतं. ऑक्सिमीटर! बोटाला चिमटा लावायचा आणि पडद्यावर दोन आकडे पाहायचे. एक रक्तातल्या ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. पहिल्या आकड्यासाठी आपण देव पाण्यात घालून बसलो. 94 च्या खाली गेला की फोनाफोनी सुरू. दुसऱ्या आकड्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि आजारी माणसाच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या बोटाला तर कुणी यंत्र लावलंच नाही. आज माझा सगळा विषय तो दुसरा आकडा आहे.

तेव्हा या मुलांच्या वाट्याला काय आलं होतं, ते थोडं आठवू या. मार्च 2020 मध्ये कुणालाही फोन लावला की रिंग वाजण्याआधी खोकल्याचा आवाज ऐकू यायचा. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, त्याच सुमारास लोकल थांबली, 25 तारखेपासून देश बंद झाला. बंद पडलेलं सेव्हन हिल्स रुग्णालय पालिकेने उघडलं, परदेशातून आलेल्यांना तिथे वेगळं ठेवलं आणि पुढे तेच शहरातलं एक मोठं कोविड रुग्णालय झालं. मरोळ-मरोशी रस्त्यावर राहणाऱ्यांनी तो सारा काळ सायरनच्या आवाजात काढला. जुलै 2020 मध्ये शहरातल्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आणि इमारतींत राहणाऱ्या 16 टक्के लोकांच्या. अंतर पाळायला मुळात जागा लागते, हे त्या दोन आकड्यांनी स्पष्ट केलं.

मग 2021 चा एप्रिल आला. मुंबईत एकेका दिवशी अकरा हजारांच्या वर रुग्ण सापडत होते. 17 एप्रिलच्या सुमारास ऑक्सिजन अपुरा पडला म्हणून पालिकेच्या रुग्णालयांतून 168 रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. 21 तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसं गेली. दोन दिवसांनी विरारच्या रुग्णालयात आग लागली. या बातम्या घरात पहिल्यांदा कुणाच्या हातात पडत होत्या? ज्याला मोबाइल चांगला चालवता येत होता त्याच्या. विभागाच्या वॉर रूमला फोन लावणं, खाट शोधणं, सिलिंडर कुठे भरून मिळतो ते विचारणं, रेमडेसिव्हिरसाठी ग्रुपवर मेसेज टाकणं ही सगळी कामं एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी केली. वडिलांचा रिपोर्ट आधी त्यांनी वाचला. ‘खाट नाही’ हे उत्तर आधी त्यांनी ऐकलं आणि आईला काय सांगायचं ते मनाशी ठरवलं. अंत्यसंस्काराला वीसच माणसं, चेहरा झाकलेला, खांदा द्यायला कुणी नाही. रडायला एक जागा लागते, चार माणसं लागतात. ती मिळाली नाहीत.

आता शरीराकडे वळू.

हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला जवळजवळ 100 ठोके देतं. निवांत बसलेल्या माणसाची नाडी 70 च्या आसपास असते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते. उताराला लागलेली गाडी चालक ब्रेकवर पाय ठेवून सावकाश नेतो, तसं. संकटाची चाहूल लागताच पहिल्यांदा हा पाय उचलला जातो, आणि ते एक-दोन ठोक्यांच्या आतच घडतं. काही सेकंदांत दुसरी यंत्रणा जागी होते. अनुकंपी मज्जासंस्था ॲड्रेनलिन सोडते, रक्तदाब वाढतो, कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात. तिसरी यंत्रणा सावकाश चालते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला आणि तिथून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप जातो, रक्तात कॉर्टिसोल वाढू लागतं आणि त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत वर पोचते. म्हणून भांडण संपून अर्धा तास झाला तरी माणूस धुमसत असतो.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची तयारी समजावून सांगितली. पण त्यांच्यासमोरचं संकट खरं होतं. मांजरासमोर कुत्रा उभा होता. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुत्रा नाही, नुसती कुत्र्याची आठवण आहे; तरी शरीर तीच तयारी का करतं?

याचा एक जुना दाखला जिनिव्हाचा आहे. एदुआर क्लापारेद नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवी आठवण टिकत नसे. रोज भेटणारे डॉक्टर त्यांना रोज अनोळखी वाटत. एकदा डॉक्टरांनी बोटांत टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. पुढच्या भेटीत बाईंना ना डॉक्टर आठवले, ना टाचणी. पण हात पुढे करायला त्या तयार होईनात. ही हकिगत 1911 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसंग विसरला गेला होता आणि धोका लक्षात होता, म्हणजे या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या ठेवतो. कुठे, केव्हा, कोणासमोर घडलं याचा हिशेब हिप्पोकॅम्पस ठेवतो. धोक्याची खूण अमिग्डाला ठेवते. अतिताणाच्या क्षणी पहिला हिशेब कच्चा राहतो आणि दुसरी खूण ठसठशीत उमटते, असं आज बरेच संशोधक मानतात. मग सॅनिटायझरचा वास आला की खूण जागी होते, पण ‘हे 2021 मधलं आहे, आता नाही’ हे सांगणारी तारीख तिच्यासोबत येत नाही.

आठवणीने शरीर किती हलतं, हे मोजताही येतं. 1987 मध्ये अमेरिकेत रॉजर पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे अनुभव त्यांच्याकडूनच घेतले, त्यांची अर्ध्या मिनिटाची छोटी टिपणं केली आणि ती त्यांनाच ऐकवली. ऐकताना नाडी, तळहाताचा घाम आणि कपाळाच्या स्नायूंचा ताण मोजला. ज्यांना आघाताचा विकार जडला होता त्यांची शरीरं, तेच युद्ध पाहून आलेल्या पण विकार नसलेल्या सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त हलली. 1992 मध्ये हृदयरोग्यांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की रागाचा जुना प्रसंग नुसता आठवून सांगतानाही हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता घटली, आणि ती व्यायामाच्या वेळेपेक्षाही जास्त घटली. महामारीच्या आठवणी आणि तरुणांची शरीरं यांचा अभ्यास आज याच पद्धतीने करता येतो. निवांत बसवून नाडी मोजायची, त्या काळातला सर्वांत ताणाचा प्रसंग सांगायला लावायचा, तेव्हा मोजायची आणि सांगून झाल्यावर पुन्हा मोजायची.

मुद्दा त्या तिसऱ्या मोजणीत आहे. पहिल्या दोहोंतून चढ कळतो. चढ जवळजवळ प्रत्येकात दिसेल आणि दिसायलाच हवा. वडिलांना स्ट्रेचरवरून नेताना पाहिलं ती वेळ सांगताना ज्याची नाडी जराही हलत नाही, त्याच्याकडेही लक्ष द्यावं लागतं. दीर्घकाळ किंवा लहान वयात फार सोसलेल्या काही माणसांची शरीरं ताणाला मंद प्रतिसाद देतात, हेही संशोधनात आढळलं आहे. तेव्हा शांत दिसणारा मुलगा सावरलेलाच असेल असं धरून चालता येत नाही.

तिसऱ्या मोजणीत उतार दिसतो. निरोगी शरीर चढतं आणि काही मिनिटांत खाली येतं. काहींचं येत नाही, कारण सांगून झालं तरी प्रसंग डोक्यात फिरतच राहतो. ‘मी आधी फोन केला असता तर’, ‘दुसऱ्या रुग्णालयात नेलं असतं तर’. शरीराला घडणारं आणि घोळवलं जाणारं यांतला फरक कळत नाही. विचार जितका वेळ घोळतो तितका वेळ ताणाची यंत्रणा चालू राहते, असं सूत्र ब्रॉसशॉट, गेरिन आणि थेयर यांनी 2006 मध्ये मांडलं. अशा न उतरलेल्या ताणाची शरीराला वर्षानुवर्षं जी किंमत मोजावी लागते, तिचा हिशेब ब्रूस मॅकइवेन यांनी 1993 पासून मांडला. झोप बिघडते, रक्तदाब वरचढ राहतो, पोटाभोवती चरबी साठते, रोगप्रतिकारशक्तीचा तोल जातो.

मग तरुणांचंच वेगळं काय? दोन गोष्टी. भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. आणि माणूस साठीला पोचल्यावर मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त सुचतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला परका गाव या आठवणी जिथे साठतात, तिथे या मुलांच्या वाट्याला बंद दार आलं. परीक्षा होणार की नाही हे ऑगस्ट 2020 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चाललं होतं, पुढच्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा रद्दच झाल्या. ज्यांचा निरोप समारंभ झाला नाही त्यांना आपण ‘परीक्षा न देता पास झालेली बॅच’ म्हणून हिणवलं. नोकरीच्या मुलाखतीत आजही कुणी हसत हसत तसं म्हणतं, तेव्हा समोरच्या मुलीची नाडी काय करत असेल याचा विचार करा.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. दम लागला, धडधडलं म्हणजे ती आठवणच, असं समजू नका. कोविड होऊन गेल्यावर काही तरुणांना उभं राहिल्यावर नाडी एकदम वाढण्याचा त्रास सुरू झाला. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी 30 ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, त्यानेही धडधडतं. थायरॉइड वाढल्यानेही धडधडतं. आधी तपासा, मग मनाकडे वळा.

तपासणीत काही निघालं नाही तर मात्र पुढचं समजून घ्या. कोविडमध्ये काही रुग्णांचा ऑक्सिजन 80 च्या घरात उतरलेला असे आणि ते आरामात फोनवर बोलत असत. दम लागल्याची जाणीवच त्यांना नसे. घाबरलेल्या तरुणाचं नेमकं उलटं होतं. ऑक्सिजन 98 असतो आणि श्वास पुरत नाही. भीतीने तो भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ आणि बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं. 2021 मध्ये ‘दम लागणं’ ही मरणाची खूण म्हणून शिकलेल्या मुलाला ही झिणझिण पुरावा वाटते. तो आणखी जोरात श्वास घेतो. अशा वेळी त्याला ‘दीर्घ श्वास घे’ सांगू नका, सावकाश सोडायला सांगा. श्वास घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. व्हेगसचा जोर सोडतानाच जास्त असतो. मिनिटाला सहा श्वास, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. याला पैसे लागत नाहीत आणि लोकलमध्ये उभ्या उभ्याही जमतं.

प्रत्येकाला आघाताचा विकार झाला आहे, असंही मी म्हणत नाही. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्या निदानाला स्थान मिळालं, त्याचे निकष कडक आहेत. बहुसंख्य मुलं त्यांत बसणार नाहीत आणि त्यांच्यावर तो शिक्का मारणं अन्याय होईल. पण स्वप्नं दचकवून उठवतात, सेव्हन हिल्सवरून जाणारी रिक्षा चुकवून लांबचा रस्ता धरावा लागतो, झोप आणि काम दोन्ही बिघडलं आहे, अशी स्थिती महिनाभराहून जास्त टिकली, तर मदत घ्यावी. आघातावर केंद्रित अशा उपचारपद्धती आहेत आणि त्यांनी गुण येतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन 2022 पासून चालू आहे. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत. ठाण्याची आयपीएच ही संस्था तर 1990 पासून आपल्या भाषेत हे काम करते आहे.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग. उताराची सोय करायची कुणी?

2000 साली कॅरिम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की जुनी भीती पुन्हा जागी केली की ती काही काळ मऊ पडते आणि नव्याने साठवली जाते. माणसांत हे किती लागू पडतं यावर वाद आहेत. पण आठवण कोणासमोर निघते आणि तिला काय उत्तर मिळतं याला महत्त्व आहे, हे उपचार करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. ‘त्याला पाच वर्षं झाली, आता काय त्याचं’ असं उत्तर मिळालं तर चढलेली नाडी तशीच घरी जाते. ‘बस, सांग’ असं उत्तर मिळालं तर ती तिथेच उतरायला लागते. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातला जाचणारा प्रसंग लिहायला सांगितलं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, रक्तदाब वाढला; पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. आधी चढ, मग उतार. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम माफक निघाला, तेव्हा लिहिणं हा सगळ्यांवरचा उतारा नव्हे. पण कधीच न सांगण्यापेक्षा बरा.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, सकाळी सातची शिफ्ट आणि रात्री अकराला घर, अशा दिनक्रमात ही पंधरा मिनिटं कुठून काढायची? म्हणून मागणं मुलांकडे नाही, आपल्याकडे आहे. या भागातल्या महाविद्यालयांनी शारीरिक तपासणीच्या दिवशी उंची-वजनासोबत झोपेबद्दल चार प्रश्न विचारावेत. एमआयडीसीतल्या कंपन्यांनी सुरक्षेच्या प्रशिक्षणात घाबरलेल्या माणसाला श्वास कसा सोडायला सांगायचा ते शिकवावं. आगीचा सराव होतो, तसा याचाही व्हावा. गणेशोत्सव मंडळांनी आणि चर्चच्या युवक गटांनी वर्षातली एक संध्याकाळ त्या दोन वर्षांत गेलेल्यांसाठी ठेवावी. ज्यांना तेव्हा वीस जणांच्या मर्यादेत माणूस पोचवावा लागला, त्यांना आज दोनशे माणसांत त्याचं नाव घेऊ द्यावं. शोक उघड्यावर होण्यासाठी परवानगी लागत नाही, फक्त कुणीतरी आधी बोलवावं लागतं.

आणि जी तरुण मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत, त्यांना एवढंच सांगतो. सायरन ऐकून छातीत धडधडलं तर स्वतःला भित्रं म्हणू नका. त्या वर्षी तुमच्या शरीराला जे काम पडलं ते त्याने चोख केलं, आणि ते काम संपल्याचं त्याला अजून नीट सांगितलं गेलेलं नाही. ते सांगण्यासाठी जो वेळ आणि जी सोबत लागते, ती घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी निःसंकोच मागा. तुमच्या मागणीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आमच्या पिढीला नाही. त्या एप्रिलमध्ये आमच्यासाठी फोन तुम्हीच लावत होतात.